घागर भरल्यावर

माझी बायको रुख्मिणी नदीत मेली. नदीला पाणी नव्हतं. वैशाखात आमच्या नदीत नुसती वाळू असते. काठाची दरड तिच्या अंगावर आली. आम्ही माती उपसून तिला बाहेर काढलं तेव्हा तिची घागर बाजूला एका दगडावर ठेवलेली होती. घागर काठोकाठ भरलेली होती, वर पळसाची पानं झाकली होती, आणि शेजारी चुंबळ होती.

आमची एकुलती पोरगी विमल केनवडला दिली आहे. ती सांजेला आली. रडून झाल्यावर माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, मायची घागर तं भरेल होती ना?"

"हाव."

"मंग माय पुन्हा खाली कायले उतरली?"

"झिरा उपसायले."

"कोनासाठी? त्या झिऱ्यावर तं तिच्याबिगर कोनीच जात नव्हतं."

त्याला आता पाच वर्षं झाली. जे झालं ते जसं झालं तसं सांगतो.

आधी झिऱ्याचं सांगतो. उन्हाळ्यात नदी आटली की बाया वाळूत खड्डा करतात. हातभर खाली गेलं की पाणी पाझरतं. तो झिरा. त्यात करवंटी बुडवायची आणि घागरीत ओतायची. पाणी काढता काढता कडेची वाळू आत ढासळते आणि पाणी गढूळ होतं. म्हणून आमच्यात रीत अशी की घागर भरली की ती वर ठेवायची, पुन्हा खाली उतरायचं, आत पडलेली वाळू ओंजळीनं बाहेर काढायची, आणि मगच घरी जायचं. तोवर पुढची बाई येते, तिला निवळ पाणी मिळतं. आपली घागर तर भरलेली असते. उपसून आपल्याला काही मिळत नाही, उलट कंबर मोडते. पण मागची उपसून गेली म्हणून आपल्याला निवळ पाणी मिळालं, एवढं प्रत्येकीला ठाऊक असतं. न उपसता जाणारी बाई आमच्यात वाईट समजतात.

गावात विहीर होती. आम्ही तिच्या ओट्यावर चढायचं नाही, खाली उभं राहायचं, कोणाला दया आली तर तो वरून ओतणार, असं माझ्या आईच्या वेळी होतं. आम्ही छप्पन साली बौद्ध धर्म घेतला. त्यानंतर आमच्या वस्तीतल्या बायांनी ते वरून ओतलेलं पाणी घेणं बंद केलं. विहीर शंभर पावलांवर होती, नदी पाऊण कोसावर. बाया नदीला जाऊ लागल्या. गावातले लोक हसले. म्हणाले, यांना धर्मानं पाणी दिलं नाही, पाय दिले. आईही सुरुवातीला कुरकुरली, मग तीही नदीला जाऊ लागली.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा झिरे पुरुषभर खोल गेले. तो उन्हाळा कसाबसा निघाला. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर बातमी आली की गावाला सरकारी बोअर मिळणार. हातानं हापसायची, म्हणून लोक तिला हापशी म्हणत. एकच हापशी होती. ती कुठे बसवायची ते ग्रामपंचायत ठरवणार होती, आणि पंचायतीची निवडणूक महिन्यावर आली होती.

आमच्या वॉर्डातून पंजाबराव पाटील उभे होते. आमचा वॉर्ड म्हणजे आमची वस्ती आणि पंजाबरावांच्या सालदारांची नदीकडची थोडी घरं. ती घरं मालकाच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती. त्यांची निशाणी छत्री होती. त्यांच्यासमोर आमच्या वस्तीतला देवमन होता, गवंडीकाम करायचा, त्याची निशाणी कंदील. देवमन रागाच्या भरात उभा राहिला होता. पंजाबरावांच्या गोठ्याची भिंत त्यानं बांधली आणि मजुरी मागायला गेला तेव्हा त्याला ओट्याखाली उभं ठेवलं, याचा राग. चार दिवसांनी राग उतरला, पण तोवर नाव मागे घ्यायची तारीख निघून गेली होती.

एका सकाळी पंजाबराव स्वतः आमच्या विहारात आले. विहार म्हणजे टिनाची एक खोली. कोणीतरी त्यांच्यासाठी बाज आणून टाकली. सगळी वस्ती जमली.

"हे पाहा," पंजाबराव म्हणाले, "मी गोल गोल बोलत नाई. हापशी तुमच्या वस्तीत बसवतो. या विहाराच्या मांगंच. पन मले वस्तीचं एकूनएक मत पाह्यजे. एक जरी मत कंदिलात निंघालं, तं हापशी माह्या गोठ्यापाशी बसन. मंग मले दोष देजा नोका."

"एक मत गेलं तं काय बिघडते मालक?" कोणीतरी विचारलं. "तुमी तं निवडून येताच."

"निवडून तं येतोच. मले पाह्यचं हाय, वस्ती माही हाय का नाई."

देवमन उभा राहिला. बिचारा खाली मान घालून बोलत होता. "मालक, मी सोता छत्रीवर शिक्का मारतो. मले पानी पाह्यजे. मत नाई पाह्यजे."

लोक हसले. पंजाबरावही हसले. "असा उमेदवार मी जल्मात पाह्यला नाई," म्हणाले. "सोताच्याच इरोधात."

बायांच्या बाजूला रुख्मिणी बसली होती. ती काही पुढे पुढे करणारी बाई नव्हती. विहारात तिचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. ती बसूनच म्हणाली, "माहं मत कंदिलावर जाईन. आत्ताच सांगून ठेवतो."

पंजाबरावांनी माझ्याकडे पाहिलं. "भिवाजी, तुही बायको हाय ना हे?"

"हाव मालक."

"समजाव तिले." असं म्हणून ते उठले, चपला घातल्या आणि गेले.

ते गेल्यावर वस्ती तिच्यावर तुटून पडली. सगळ्यात जास्त बोलली ती भागिरथा बुढी. ती विधवा, एकटी राहायची. वाकलेली होती, काठी टेकत नदीला जायची. तिला हापशीची गरज सगळ्यांहून जास्त होती.

"काहून वं रुख्मिणे, तुले काय देवमनानं चोळी शिवून देली काय?"

"नाई."

"मंग कायले आमच्या घशात माती टाकून राह्यली? हा देवमन सोता सोताले मत देत नाई, आन तू त्याले देते!"

"मी देवमनाले नाई देत, मावशी."

"मंग कोनाले देते?"

"पंजाबरावाले नाई देत," रुख्मिणी म्हणाली. "बस, तेवढंच."

घरी चुलीपाशी बसल्यावर मी तिच्याशी बोललो. मला हापशी हवी होती. का हवी होती तेही सांगतो. रुख्मिणीच्या मानेत कळ यायची. रोज तीन-चार खेपा पाण्याच्या, त्याशिवाय मजुरीला जाणं. रात्री ती मान एका बाजूला वळवू शकत नव्हती. मी एरंडाची पानं शेकून बांधायचो.

"रुखमे, हापशी विहाराच्या मांगं बसली तं तुह्या डोक्शावरची घागर उतरन," मी म्हणालो.

"उतरन."

"मंग?"

ती भाकर थापत होती. थापता थापता म्हणाली, "तो देईन काय पण हापशी?"

"म्हनला ना सगळ्यांसमोर."

"तुमी सांगा मले. आज त्याले आपली मतं कायच्यानं भेटून राह्यली? आपन तहानेलो हाव म्हून. उद्या हापशी बसली, आपल्या दारात पानी आलं, तं पुढच्या खेपेले आपन त्याले कायले मत देऊ? हे त्याले समजत नाई काय? तो काय येडा हाय? तो हापशी कदीच देनार नाई. दरसाल दाखवीन फक्त."

"आन देली तं?"

"देली तं दांडा काढून घरी नेऊन ठेवीन. मंग म्हनन, एकूनएक मत द्या, दांडा देतो."

मला तिचं म्हणणं पटलं नाही, पण चूक कुठे आहे तेही सापडलं नाही. मी म्हणालो, "मंग विहारात बोलाची काय गरज होती? हाव म्हनाचं आन आत जाऊन पाह्यजे तिथं शिक्का माराचा. कोन पाह्यते?"

"मंग मोजतानी एक निंघन आन सारे एकमेकाकडे पाह्यतीन. देवमनावर घेतीन, नाई तं कोन्या गरिबावर. त्यापेक्षा माह्याच नावानं निंघू द्या."

"माह्या मताचं काय?"

"तुमी छत्रीवर मारा," ती म्हणाली. "तुमाले हापशी पाह्यजे. मले भी पाह्यजे. निदान एकानं तं मांगून पाहा."

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं बरोबरच शाळेत गेलो. मी छत्रीवर शिक्का मारला. त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिची मान दुखत होती म्हणून मारला. तिनं कंदिलावर मारला. बाहेर आल्यावर तिनं बोटाची शाई पदराला पुसून पाहिली. ती निघत नव्हती. हसली आणि म्हणाली, "चला, पानी भराचं हाय."

मोजणी शाळेतच झाली. उमेदवार म्हणून देवमनला आत बसवलं होतं. आम्ही लिंबाखाली उभे होतो. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. पंजाबराव मोठ्या फरकानं निवडून आले होते, त्यात नवल नव्हतं.

"कंदिलाची किती?" कोणीतरी विचारलं. "एकच ना?"

देवमननं माझा हात धरून मला बाजूला घेतलं. "भिवा, चौदा निंघाली."

"चौदा?"

"मी नाई मारलं. पोराची शपत. मी छत्रीवरच मारलं."

चौदा हा आकडा थोड्याच वेळात सगळ्यांना कळला. लोक एकमेकांकडे पाहायला लागले आणि मग पाहायचं थांबले. प्रत्येक जण म्हणत होता, मी छत्रीवरच मारलं. कोणाला विचारावं? आणि विचारून काय करावं? मग भागिरथा मोठ्यानं म्हणाली, "हे सारं रुख्मिणीनं केलं." आणि सगळ्यांना हलकं वाटलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढे कितीतरी दिवस मी त्या बाकीच्या तेरा मतांचा विचार केला. शेताच्या धुऱ्यावर बसलो असताना देवमननंच मला ते सांगितलं. तो म्हणाला, "तू सोप्या गोष्टीले काहून एवढा इचार करून राह्यला? वहिनीनं आधीच सांगितलं होतं, माहं मत कंदिलावर. पंजाबरावाची अट काय? एक जरी फुटलं तं हापशी नाई. म्हंजे हापशी तं वहिनी बोलली तवाच गेली. मंग बाकीच्यानं छत्रीवर मारून काय फायदा? ज्याच्या मनात जे होतं ते त्यानं मारलं. नाव तं वहिनीचंच होनार होतं."

"म्हंजे तिच्या आड लपले."

"लपले म्हन. मी त्यायच्यात असतो तं मी भी लपलो असतो. मले उमेदवार असल्यानं सुचलं नाई." आणि तो हसला. मला हसू आलं नाही.

हापशी पंजाबरावांच्या गोठ्यापाशी बसली. काही लोक सांगतात की बोअरची गाडी मोजणीच्या आदल्या दिवशीच रिठदच्या फाट्यावरून आली आणि सरळ गोठ्यापाशीच जाऊन उभी राहिली. काही सांगतात की नाही, ती मोजणीनंतर आली. दोन्ही सांगणारे लोक शपथेवर सांगतात. मी स्वतः ती गाडी पाहिली नाही. म्हणून रुख्मिणीचं खरं होतं की नाही हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. तिनं हो म्हटलं असतं तर विहारामागे हापशी बसलीही असती. मग तिची मान सुटली असती, आणि ती त्या दरडीखाली गेलीच नसती. हे मी स्वतःशी हजारदा बोललो आहे.

वस्तीत तिच्याशी कोणी भांडलं नाही. कोणी बोलणं बंद केलं नाही. फक्त झिऱ्यावर एक गोष्ट बदलली. ती येताना दिसली की जी बाई झिऱ्यावर असायची ती न उपसता निघून जायची. एखादी जाताना पायानं वाळू आत लोटायची. रुख्मिणीला आधी झिरा उपसावा लागे, मग पाणी निवळायची वाट पाहावी लागे, मग घागर भरावी लागे. आणि घागर भरल्यावर ती पुन्हा उपसायची.

"तू तरी आता कायले उपसते?" मी विचारलं. "त्या तुह्यासाठी उपसत नाई."

"त्यायले राग आला हाय. मले कुठं आला?"

"तसं नाई. फायदा काय?"

"तुमी भाकर खाल्ल्यावर ताट धुता काय नाई?"

"ताट आपलं हाय."

"झिरा कोनाचा हाय मंग?" ती म्हणाली आणि पाण्याला गेली.

पुढे पुढे ती वस्तीच्या झिऱ्यावर जाईनाशी झाली. नदीच्या वरच्या वळणावर तिनं नवा झिरा केला. तिथं पाणी लवकर लागतं, पण काठ उंच आहे आणि खालून पोखरलेला. मी एकदा जाऊन पाहिलं आणि तिला बजावलं.

"ते दरड पोकळ हाय, रुखमे."

"दिसते मले. मी बुडाशी नाई खोदत. हातभर सोडून खोदतो."

मी तेव्हा बंधाऱ्याच्या कामावर होतो. अंधारात निघायचो, दिवस मावळता यायचो. माझ्यानं तिच्याबरोबर जाणं झालं नाही. जसजसा उन्हाळा वाढला तसतसं पाणी खाली गेलं, झिरा खोल गेला, रुंद झाला, आणि हातभर सोडलेली जागा कमी होत गेली असेल. त्या दिवशी मला कामावर निरोप आला.

ती गेल्यावर वस्तीनं सगळं केलं. कोणी मागे राहिलं नाही. ज्या बायांनी वाळू लोटली होती त्याच बायांनी तिला अंघोळ घातली. पंजाबरावही येऊन गेले. दारात उभं राहून म्हणाले, "भिवाजी, वाईट झालं. हापशी वस्तीत असती तं..." विमल आत होती. तिनं ऐकलं. ते गेल्यावर तिनं दारात पाणी ओतलं.

विमल केनवडला परत गेली, त्यानंतर थोड्या दिवसांनी भागिरथा माझ्या ओट्यावर येऊन बसली. दुपारची वेळ होती. काठी बाजूला ठेवली. मी तिला पाणी दिलं. तिनं तांब्या हातात धरला, पण प्यायली नाही.

"भिवा, एक सांगतो, कोनाले सांगू नोको."

"सांगा."

"त्या वरच्या झिऱ्यावर मी जात होती."

मी तिच्याकडे पाहिलं.

"दुपारच्याले. सारे झोपले का. इथच्या झिऱ्यावर बाया घाई करतेत, मले भरू देत नाई. आन माह्यानं उपसनं होत नाई बाप्पा, कंबर धरते. तिथं सदा उपसेल भेटे. पानी कसं, काचासारखं."

"रुख्मिणीले माहीत होतं?"

"काय माहीत. मी तं तिच्यासमोर कदी गेली नाई. कोन्या तोंडानं जाऊ? विहारात एवढं बोलली होती मी तिले." तिनं काठी उचलून मांडीवर घेतली. "एकडाव माही काठी तिथंच राह्यली. वाळूत पडेल. दुसऱ्या दिवशी गेली तं दगडाले टेकवून ठेवेल होती. आन झिऱ्याले खाली उतराले दोन दगड रचेल होते. पायरीवानी."

मी त्या दोन दगडांचा विचार करत राहिलो. दरड उपसताना ते दगड मी पाहिले होते. मला वाटलं होतं, ते दरडीबरोबर आले असतील.

"मावशी, एक इचारू?"

"इचार."

"कंदिलावर तुमी भी..."

ती लगेच उठली. "ते इचारू नोको बाप्पा," म्हणाली आणि पाणी न पिता गेली. दुसऱ्या पावसाळ्यात तीही वारली. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

विमल पुढच्या वेळी आली तेव्हा मी तिला सांगितलं, त्या झिऱ्यावर कोणीतरी येत होतं. नाव सांगितलं नाही. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती उलट चिडली.

"मंग त्या बाईनं विहारात, नदीवर, एकडाव तरी मायच्या बाजूनं बोलाचं होतं ना. फुकटचं पानी नेलं आन माय मेली."

तेही खरं होतं.

यंदा पुन्हा पंचायतीची निवडणूक आली. वस्तीत अजून हापशी नाही. पंजाबरावांच्या गोठ्यापाशी आहे, तिच्यावर त्यांची गुरं पाणी पितात. मागची चौदा मतं देवमनच्या डोक्यातून गेली नव्हती. त्यानं पुन्हा अर्ज भरला आणि पुन्हा कंदीलच मागून घेतला. म्हणाला, "या खेपेले मी भी सोताले मत देतो. पाहू तं खरं."

पंजाबराव पुन्हा विहारात आले. पुन्हा बाज टाकली. आता ते थकले आहेत, बरोबर पुतण्या होता. बोलले तेच. एक हापशी आणखी मंजूर झाली आहे, विहारामागे बसवू, पण एकूणएक मत पाहिजे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मांगच्या खेपेले एक बाई आडवी आली. चांगली होती बिचारी, पन हट्टी. आता तं तशी अडचन नाई."

विहारात कोणी हललं नाही. सगळे खाली पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो. मागच्या वेळी या खोलीत तेरा जण असे होते ज्यांच्या मनात एक होतं आणि तोंडात दुसरं. ते इथंच बसलेले होते. प्रत्येक जण वाट पाहत होता की दुसऱ्यानं नाही म्हणावं. दुसरा कोणी म्हणाला की मग त्याला मोकळं होता येणार होतं. आणि कोणीच म्हणालं नाही तर सगळे छत्रीवर मारणार होते.

मला हापशी हवी आहे. आता पाणी मीच भरतो. माझे गुडघे दुखतात. मी हो म्हणून घरी जावं, असंच माझ्या मनात होतं. पण तिनं विहारात बसूनच कसं सांगितलं होतं ते मला आठवलं, आणि मी बोललो.

"मालक, माहं मत कंदिलावर जाईन."

"गेली ना अक्कल!" मागून कोणीतरी म्हणालं. "बायको गेली तिच्यासंगं अक्कल भी गेली."

पंजाबराव रागावले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "भिवाजी, तू सोताचं नुकसान करून राह्यला. तुह्या एका मतानं देवमन निवडून येते काय?"

"नाई येत मालक."

"मंग?"

"मंग काही नाई. आधी सांगितलेलं बरं, म्हून सांगितलं."

ते पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून उठले. दारातून वळून पुतण्याला म्हणाले, पण आम्हाला ऐकू येईल असं, "हे लोक असेच. यायले सोताचं भलं समजत नाई."

पंजाबराव निवडून आले. कंदिलाची सव्वीस मतं निघाली. त्यात एक माझं आणि एक देवमनचं. बाकीची कोणाची, हे मी विचारलं नाही. देवमन दोन दिवस खूश होता, मग कामाला लागला. हापशी बसली नाही. पाइप म्हणे मेडशीकडच्या दुसऱ्या गावाला गेले. वस्तीत सगळे म्हणतात, भिवाजीनं घालवली. तोंडावरही म्हणतात. मी हाव म्हणतो.

आता वस्तीच्या झिऱ्यावर मी गेलो की बाया न उपसताच निघून जातात. एका बाईनं परवा पायानं वाळू लोटली. तिची सासू रुख्मिणीला अंघोळ घालायला होती. म्हणून मी वरच्या वळणावर जातो. जायच्या आधी कुदळ नेऊन पोकळ दरड मी वरून पाडून टाकली. दोन दिवस लागले. आता तिथं काही अंगावर येण्यासारखं नाही. खाली उतरायला दोन दगड पुन्हा लावून घेतले.

विमल म्हणते, "बाबा, केनवडले चला. माह्या दारात हापशी हाय. इथं तुमाले कोनी पुसत नाई आन तुमी कायले बसले?" मी म्हणतो, पावसाळ्यानंतर पाहू. दरवेळी तेच म्हणतो.

मी पहाटे घागर भरतो आणि झिरा उपसून येतो. दुसऱ्या दिवशी जातो तेव्हा आत वाळू ढासळलेली असते आणि पाणी गढूळ असतं. वाऱ्यानं एवढी वाळू पडत नाही. कडेला घागर टेकवल्याचा गोल ठसा असतो. कोणीतरी येतं, भरतं आणि न उपसता जातं. कोण येतं ते मी लपून पाहिलं नाही. पाहिलं तर उद्या मला विहारात त्याच्याकडे पाहता येणार नाही आणि त्याला माझ्याकडे.

आजही तसंच होतं. मी आधी उपसलं, मग पाणी निवळायची वाट पाहिली, मग घागर भरली. ती वर नेऊन दगडावर ठेवली, पळसाची पानं झाकली. गुडघ्यावर हात टेकून थोडा उभा राहिलो. मग पुन्हा खाली उतरलो.